सांभाळणारा उत्तर देत नाही

३ मार्च
आलो एकदाचा अल्माटीत! किझिलोर्दाची धूळ अजून बुटांत आहे, पण खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात, आणि ऑफिसातला चहा विचारूच नका! दुधाचा, वाडगे भरभरून, सोबत बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे. आमच्या गटाच्या प्रमुख कुल्पाश आपा मला बघताच म्हणाल्या, तिलेक, आईने उपाशी धाडलं का रे तुला? माझ्याकडे 'येमले' सोपवलंय. कझाक शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम, सगळ्यांना फुकट आणि खुला, शाळाशाळांत चालतो. ओरिनबेक नावाचा कुणी गृहस्थ एकहाती सांभाळतो. त्यातली एक चूक दुरुस्त करून त्याच्याकडे पाठवली. त्याने हो म्हटलं की काम फत्ते.

११ मार्च
हो कसलं, हूं की चूं नाही. प्रकल्पाच्या पानावर लोकांचे प्रश्न वर्षभर तसेच पडून आहेत. कुणी आहे का? अहो, उत्तर द्या की! मीही रीतसर विचारलं: ओरिनबेक आगा, जमत नसेल तर आम्ही सांभाळू का?

आपा म्हणतात, दम धर. आधी चारचौघांत विचारायचं, वाट बघायची, मगच वेगळी चूल मांडायची; म्हणजे प्रत घेऊन आपलं आपण चालवायचं. तेव्हाही नाव नवं ठेवायचं आणि कर्त्यांच्या यादीतून जुनं माणूस पुसायचं नाही. सात पिढ्यांचे बाप ज्याला सांगता येत नाहीत तो कसला कझाक, तसंच हे! मला हसू आलं. नुसतं बसून राहायचं म्हटलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात.

२० मार्च
मांडली चूल. नावही 'येमले'च ठेवलं, नवं शोधत कोण बसणार? कर्त्यांच्या यादीतला ओरिनबेक काढून तिलेक लिहिलं. जो तोंड उघडत नाही त्याचं नाव मिरवायचं कशाला? आमच्याकडे एकाने केलेला बदल दुसऱ्याला मंजूर करावा लागतो. आपा नौरुझच्या सणासाठी गावी निघायच्या घाईत होत्या. माझ्यावर भरवसा ठेवून न वाचताच हो म्हणाल्या. आईला फोनवर सांगितलं, तर आनंदाने रडलीच.

२७ मार्च
काहीतरी विचित्र आहे. जुन्या पानावर आज उत्तरं दिसताहेत. ओरिनबेकची. प्रत्येक प्रश्नाखाली, प्रश्न विचारला त्याच दिवसाची. 'मी इथेच आहे. दुरुस्त केलं, बघा. मी लिहितो ते कुणाला दिसतंय का?'

आपांना दाखवलं. त्या म्हणाल्या, कुठे काय? कोरं आहे पान. झोप काढ जरा.

माझ्या प्रश्नाखालीही आहे. 'सांभाळ बाळा, पण माझं नाव काढू नकोस. मीही एकाचं काढलं होतं.'

मला भीती वाटतेय.

३० मार्च
त्याचं नाव परत घातलं. मंजुरीला आपांकडे पाठवलं. आलंच नाही म्हणाल्या. पुन्हा पाठवलं — नाही. समोर उभं राहून सांगायला लागलो. त्या चहा ओतत होत्या. ओतता ओतता शेजारच्यांना विचारलं, तिलेक आला नाही का आज?

३१ मार्च
आपांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी शाल ओढून घेतली आणि खिडकी लावली.

आईचा फोन. हॅलो, हॅलो, तिलेक, बोल ना रे — मी घसा फोडून ओरडत होतो. ती रडायला लागली. मग ठेवला.

एप्रिल
पानावर एक शिक्षिका विचारतेय, येमले कुणी सांभाळतं का. दिलं उत्तर. परत दिलं. आपांनीही लिहिलंय — बाळा, रागावलास का? असशील तिथून एक शब्द टाक, आई वेडीपिशी झालीय तुझी.
आपा, इथेच आहे हो. तुमच्यासमोरच्या खुर्चीत —

तारीख —
आपांनी सगळ्यांसमोर विचारलं, आम्ही सांभाळू का. वाटही पाहिली. अगदी रीतीने. आता नवी चूल मांडताहेत. माझ्या जागी आयझान नावाची मुलगी आलीय, चुणचुणीत, सतत पाय हलवते. जुनी नावं पुसायची नाहीत, तिलाही बजावलं. अल्ला आपांचं भलं करो! माझं नाव राहिलं तर निदान आईला —

आयझान कर्त्यांची यादी उघडतेय. आपा पाठमोऱ्या — न वाचताच मान डोलावली —

आयझान, इकडे बघ ग, शेजारीच उभा आहे, मी उत्तर देतोय, रोज देतोय, माझं नाव का