डब्यातली ताकद

३ तारीख, सकाळी ६.१०
बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवताना पुन्हा मध्येच पलंगावर टेकवावं लागलं. खुब्याच्या ऑपरेशनला महिना झाला, अजून त्यांना उभं राहता येत नाही. खाणंही चिमणीएवढं. त्यांना उचलणाऱ्या अटेंडंट बाई तीस तारखेला काम सोडणार. ताई म्हणाली, तुला झेपत नसेल तर वृद्धाश्रम बघू. बाबा ऐकत होते.
झेपेल. सत्तावीस दिवस आहेत.

४ तारीख
ताकद यावी म्हणून जिम लावली. तिथल्या कोचने अमिनो ॲसिडच्या पावडरचा डबा दिला, रोज दोन चमचे. अंडी-डाळीतलं प्रोटीन पोटात फुटून शेवटी हेच होतं म्हणे. मग मधली कटकट कशाला? हिला समजावलं. ही म्हणाली, अंड्यात हे सगळं असतंच, वर पोटही भरतं. बायकोपुढे विज्ञान चालत नाही.

९ तारीख
पावडर रिकाम्या पोटी जास्त लागू पडणार, हे माझं मीच ताडलं. म्हणून जेवण जवळजवळ बंद. ही मात्र रोज अंडी, डाळ, दूध पुढे ठेवते. बोलणी नकोत म्हणून सगळं बाबांच्या खोलीत नेतो. मला संकटातून सोडवायचं म्हणून ते बिचारे संपवतात.

१५ तारीख
दंड मोजला. अर्धा इंच कमी. टेप जुनी आहे, ताणली गेली असणार.

२१ तारीख
ऑफिसचा जिना कठडा धरून चढलो. स्नायू घडताना थकवा येतोच. चमचे दोनाचे चार केले. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलंय. माझी जिद्द बघून असेल.

२६ तारीख
बाबा जागचे हलले नाहीत. मला ते उचलवलेच नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. या माणसाने मला तापात तीन मजले खांद्यावरून उतरवलं होतं. मी त्यांना दोन फुटांवरच्या खुर्चीत बसवू शकत नाही.
चमचे सहा.

३० तारीख, संध्याकाळी ५
ताई परीक्षा घ्यायला आली. बाबांच्या काखेत हात घातले, जोर लावला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.
शुद्धीवर आलो तर मी जमिनीवर. बाबा माझ्याशेजारी उभे. एक हात वॉकरवर, दुसरा मला उठवायला पुढे केलेला. हिला म्हणाले, याला आधी दोन अंडी दे, महिनाभर याची मीच खाल्ली.
मी दोन्ही खाल्ली. अजून आहेत का विचारलं.
ताईने वृद्धाश्रमाचा विषय मिटवला. जाताना दारात थांबून तिने बाबांना विचारलं, याला सांभाळायला तुम्हाला झेपेल ना?
बाबा म्हणाले, झेपेल.