गाडी झाली काय, मिस्त्री?

प्रिय बाबा,

गाडी पूर्ण झाली. गंज काढला, पत्रा बदलला, रंग दिला, सगळं मी माझ्या हातांनी केलं. आणि ती पूर्ण झाल्यापासून आई घरात थांबायला तयार नाही. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगू? म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही होतात तेव्हाच तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. "वयानं होते थोडंफार," म्हणून तुम्ही हसून सांभाळून घ्यायचात. डॉक्टर होतात ना बाबा तुम्ही! तुम्हाला कळलं नव्हतं, की मला कळू द्यायचं नव्हतं?

तुम्ही गेलात, पण तुमचं जाणं तिच्या लक्षात राहीना. रोज विचारायची, "हे कुठं गेले?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. शेवटी मी "व्हिजिटला गेलेत" म्हणायला लागले. एका सकाळी ती स्वतःच अंगणातल्या अॅम्बेसेडरचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. किती दिवसांनी इतकी शांत दिसली असेल!

"पेशंट पाहून येतीन ते आता," ती म्हणाली. "तू जाय, आपलं काम कर."

तुम्ही दिग्रसच्या रस्त्यावरच्या गावांत पेशंट पाहायला जायचात, तेव्हा ती अशीच गाडीत बसून तुरीच्या शेंगा सोलायची ना? तीच जागा तिनं पुन्हा धरली. मी तिथेच ताट नेऊन द्यायचे. तिथे बसली की ती जेवायची, बोलायची, कधीकधी मला नावानंही हाक मारायची.

पण गाडी उभ्या उभ्या कुजत होती, बाबा. एका दुपारी मी ओट्यावर आले तर आईचा पाय तळातून आरपार खाली. पत्रा पापडासारखा फुटून पोटरीत रुतला होता. मी किंचाळले, तर तीच मला म्हणते, "हळू बोल. आत पेशंट आहे."

मी गाडीला कुलूप लावलं. ती काचेवर हात आपटत राहिली. जेवण सोडलं. मग एका गॅरेजवाल्याला घरी आणलं. तो गाडीखाली वाकून बघून लगेच उठला. "ताई, हिच्यात आता पत्रा कमी अन् गंज जास्त आहे. वेल्डिंगचा टाका माराले जागा नाही राह्यली. भंगारात देऊन टाका."

भंगारात! आईला काय सांगू, तुझी जागा भंगारात दिली?

लोहाऱ्याला एमआयडीसीत माझ्या शाळेतल्या शोभाचं फाटकं-ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे. तिच्याकडे जाऊन म्हटलं, मला वेल्डिंग शिकव. आधी तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्या तोंडाकडे पाहून ती उठली आणि मशीन दाखवायला लागली. "पातळ पत्रा आहे, मंजू. एका जागी हात थांबवला की भोक पडते. टाका घे अन् सरक, टाका घे अन् सरक."

मी भोकं पाडली, बाबा. किती पाडली! तिचं एक मशीन अंगणात आणलं, पेट्रोलची टाकी उतरवली, सीट काढली, ग्राइंडरनं कुजलेला पत्रा कापत गेले, चांगलं लोखंड लागेपर्यंत. ते लागायचं नावच घेत नव्हतं. तळ झाला तर दरवाज्यांखालची पट्टी, पट्टी झाली तर दरवाज्यांची खालची कड. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, त्यावरून पत्रा, मग ठोकून वळवायचा, बसवायचा, जोडायचा. ठिणगीनं मनगटावर डाग पडले. कॉलेजात मुलं विचारायची, "मॅडम, काय झालं?" मी काय सांगणार? आईला बसायला जागा करते आहे?

काम चालू असताना आई ओट्यावर बसून बघायची. ते दिवस बरे होते, हे मला आता कळतं. ठोकाठोकी ऐकत ती शांत असायची. मी मात्र एकाच धास्तीनं हात चालवत होते, की गाडी होईपर्यंत तिला गाडीच आठवली नाही तर?

तळ पक्का झाल्यावर मी थांबायला हवं होतं का? मला वाटलं, इतकं केलं तर पूर्णच करू. पिवळट पडलेला रंग घासून काढला. पुढच्या मडगार्डचा पोचा आतून ठोकून ठोकून वर आणला, पुट्टी भरली, बोटाला कळणार नाही इतका साफ केला. मग रेड ऑक्साइडचं अस्तर, मग पांढराशुभ्र रंग. तुम्ही बघितली असती तर म्हणाला असतात, "वा, मंजू!"

आईला हात धरून नेलं. तिनं मडगार्डवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. आणि मागे सरकली.

"हे कोनाची गाडी आहे?"

"आपलीच आहे, आई. बस ना."

"आपली नाही हे. दुसऱ्याच्या गाडीत मी कायले बसू?"

मी विनवलं. जुने सीटकव्हर परत घातले, तुमचा टॉवेल सीटच्या पाठीवर टाकला. काही उपयोग नाही. परवा मी भाजी निवडत असताना ती फाटक उघडून निघून गेली. दारव्हा रोडवर एका ऑटोवाल्याला सापडली. तो म्हणाला, "मावशी गाडी शोधून राह्यल्या होत्या. जो दिसला त्याले विचारत होत्या, डॉक्टरची गाडी पायली काय म्हणून." भर उन्हात, अनवाणी! बाबा, तिला ट्रकनं उडवलं असतं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?

आज फाटकाला कुलूप लावलं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तुमचा जुना शर्ट चढवला, डोक्याला फडकं बांधलं, मास्क लावला आणि डिकीची कड घासत बसले. रंग चांगला होता. मी उगीच घासत होते. मला रडायचं होतं, आणि मास्कमध्ये ते दिसत नाही.

आई मागे येऊन उभी राहिली.

"गाडी झाली काय, मिस्त्री?"

मी मास्क खाली ओढला. तिनं माझा चेहरा नीट निरखला. "बाई मिस्त्री आहे होय! चांगली गोष्ट आहे."

"थोडं काम राह्यलं, काकू," मी म्हणाले. स्वतःच्या आईला काकू म्हटलं, बाबा.

"घाई नाही. फक्त मडगार्डचा पोचा काढू नका बरं. तो माह्या हातचा आहे." ती लाजून हसली. "हे मले गाडी शिकवत होते, अन् मी बाभळीवर घातली. हे म्हणत, राहू दे, दुरून ओळखू येते आपली गाडी."

हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही? मला वाटायचं, तुम्हीच कुठेतरी ठोकली असेल. एवढं एक वाक्य बोलला असतात तर!

"नाही काढत," मी म्हणाले.

ती समाधानानं ओट्यावर बसली. थोड्या वेळानं विचारलं, "घरी कोन आहे तुमच्या?"

"आई आहे."

"मंग तिच्यापाशी कोन असते? तुम्ही तं इथं." मी डिकीची कड पुन्हा घासायला घेतली. तीच पुढे म्हणाली, "तिले टायमावर जेवू घालत जा, बाई. म्हातारं मानूस मांगत नाही."

मी हात धुतले आणि दोन ताटं वाढून आणली. "मिस्त्री, तुम्हीही घ्या," म्हणत ती पोटभर जेवली. आता झोपली आहे. उठल्यावर मिस्त्रीलाही विसरली तर? मग मी कोण होऊन तिच्यापुढे जाऊ, बाबा?

मला माहीत नाही. पण हे वचन घ्या: गाडी झाली, असं मी तिला कधी सांगणार नाही. रोज सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसेन, आणि ती विचारेल तेव्हा म्हणेन, थोडं राह्यलं, काकू. तिच्या तोंडून माझं नाव येवो न येवो, तिच्या आधी मी ताटावर बसणार नाही.

तुमची,
मंजू