खडकावरचं चेमाचं नाव

विस्कॉन्सिन, ३ नोव्हेंबर २०२४

ती. लालाताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लाल मिरच्यांचं पुडकं एकदमच पोचलं. पुडकं देताना टपालवाला दारातच चारदा शिंकला आणि तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटत गेला.

बातमी अशी की गाई विकल्या. शेवटची सोळा जनावरं परवा ट्रकमधून गेली. वेंडेल अजून सकाळी उठून रिकामा गोठा झाडतो. एक्केचाळीस वर्षं धारा काढायच्या म्हणून आम्हा नवराबायकोला हलता आलं नाही. आईच्या मातीला आले तीही दोनच दिवस. आता माझ्याकडे सबब उरलेली नाही. मला खडकांकडे यायचंय. तिथे दगडावर लिहिलेल्या चेमादादाच्या नावावर हात ठेवायचाय.

ईस्टरला आपण सगळे तिथे जेवायला जायचो, तेव्हा आई मला उचलून धरायची आणि मी त्या नावाला ओठ टेकवायची, आठवतं? दादाचा चेहरा मला नीट आठवत नाही गं, ती काळी अक्षरं मात्र डोळे मिटले की दिसतात. इथे सगळं सपाट आणि ओलं आहे. उन्हाने तापलेल्या दगडाचा वास आठवला की जीव कासावीस होतो.

तू तर आठवड्यातून चार दिवस त्या खडकांच्या उद्यानाच्या कचेरीत बसतेस. तरी मी येते म्हटलं की तुझं काहीतरी निघतंच. एकदा ऊन, एकदा गुडघा, एकदा म्हणे दिवसाला आत सोडायची ठरलेली माणसं भरली. शेणाच्या वासाची बहीण नको असेल तर तसं सांग बाई.

नात मारिसोलला पापा. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
देल्फी


एल पासो, १ डिसेंबर २०२४

चि. देल्फीस,
अ. उ. आ.

गाई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. वेंडेलला म्हणावं, झाडायचंच असेल तर माझं अंगण मोकळं आहे.

इथे थंडी पडली आणि पाठीवर गाद्या बांधलेली पोरं सगळ्या जगातून यायला लागली. दगडावर चढायचं, गादीवर आपटायचं आणि पुन्हा चढायचं, याला ते सुट्टी म्हणतात. आपली मारिसोलही त्यांच्यातच. आत जाण्याआधी मी प्रत्येकाला ती फिल्म दाखवते आणि माझं पाठ झालेलं सांगते. चित्रांना हात लावायचा नाही, भिंतीवर काही लिहायचं नाही, दगड आपल्या बापाचा नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. ईस्टरनंतर चेमाचं नाव आहे ती खडकाची भिंत साफ करणार आहेत. त्या नावाच्या रंगाखाली एक जुना रंगवलेला मुखवटा आहे, शेकडो वर्षांपूर्वीचा. त्याचा एक डोळा तेवढा बाहेर दिसतो. नाव कोणाचं ते ठाऊक असल्यास नातेवाइकांनी कळवावं, अशी सूचना कचेरीच्या दाराला लावली आहे. तिच्याखालून मी रोज ये-जा करते. माझ्याबरोबर काम करणारा लोरेन्सो तिग्वा जमातीचा आहे, खडकांवरची ती चित्रं त्याच्या वाडवडिलांची. तो परवा म्हणाला की त्या चेहऱ्याने पन्नास वर्षं एका डोळ्याने पाहिलंय, आता दुसराही उघडू दे. मी हो म्हटलं आणि चहा ओतायला गेले.

तू घाई करू नकोस. उन्हाळ्यानंतर बघू. वेंडेलची काळजी घे आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
लाला


विस्कॉन्सिन, १४ डिसेंबर २०२४

ती. लालाताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. उन्हाळ्यानंतर काय बघू? कोरी भिंत?

सोबत अर्ज पाठवते आहे. आमचा भाऊ होसे मारिया, घरचा चेमा, एकोणीसशे सदुसष्टमध्ये लढाईवर जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने नाव लिहून गेला आणि परत आला नाही, तरी ते पुसू नये, असं लिहिलंय. मी सही केली आहे. थोरली म्हणून तुझी हवी. लोरेन्सोच्या वाडवडिलांची हजारो चित्रं आहेत त्या डोंगरात, आपलं एकच नाव आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

ताई, दादाने हाताने केलेलं या जगात दुसरं काय आहे आपल्याकडे? तू सही करशील ना? उत्तराची वाट पाहते.

देल्फी


एल पासो, २ फेब्रुवारी २०२५

देल्फी,
अ. उ. आ.

उत्तराला दीड महिना लागला. आजारी नव्हते, भित्री होते. अर्ज परत पाठवते आहे. सही केलेली नाही, कारण त्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे.

ते नाव चेमाने लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

त्याची शवपेटी आली ती बंदच होती. आईने दफनभूमीत पाऊल ठेवायला नकार दिला. ती म्हणायची, आत माझा मुलगा आहे कशावरून? तिचं खाणं सुटलं. तू सहा वर्षांची, तुला काय कळणार. मी सतरा वर्षांची होते. तिला कुठेतरी जाता यावं एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबांच्या ट्रकचा काळा रंग घेऊन मी एकटी खडकांकडे गेले आणि त्याचं नाव आणि सदुसष्ट साल लिहिलं. खाली पुसट लाल काहीतरी होतं. मी पाहिलं होतं, देल्फी. पाहिलं आणि वरून रंग फिरवला. त्या ईस्टरला आईला ते नाव दिसलं, ती पहिल्यांदा मोकळं रडली आणि मग बसून दोन तामाले खाल्ले. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार होते?

म्हणून तुला येऊ देत नव्हते. चेमा सहा फुटी होता आणि ते नाव माझ्या खांद्याइतक्या उंचीवर आहे. तू तिथे उभी राहिलीस की तुला क्षणात कळलं असतं. परवा मी कचेरीत सगळं सांगून टाकलं. लोरेन्सोने दारावरची सूचना काढली. मग म्हणाला की साफ करतील त्या दिवशी तू तिथे उभी राहा. मी राहणार आहे.

चेमाने भिंतीवर कधीच काही लिहिलं नाही. तो चढायचा. त्या गोल धोंड्याला आपण जाडी म्हणायचो, त्यावर तो अनवाणी चढायचा आणि वरून आपल्या डोक्यावर रंगीत कागदांचे तुकडे भरलेली पोकळ अंडी फोडायचा. तो गेल्यापासून आपल्या घरात कोणी ईस्टरसाठी टरफलं साठवली नाहीत. जाडीला मध्यावर एक खोबण आहे, त्याचा उजवा हात तिथेच पडायचा. पोरं हाताला खडू फासून चढतात, त्याने ती आता पांढरी झालीय. आधी सांगायला हवं होतं ते हे.

माफ कर म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

लाला


विस्कॉन्सिन, ५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

ती. लालाताईस,
स. न. वि. वि.

पहिले आठ दिवस मी तुझं पत्र गोठ्यात ठेवलं होतं. घरात नको वाटत होतं. फार रागावले. आयुष्यभर मी ज्याला ओठ टेकवले तो तुझ्या हातचा ट्रकचा रंग निघाला. वेंडेलशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना.

मग एक आठवलं. आईच्या शेवटच्या वर्षी मी तिला फोनवर विचारलं होतं, दादाने नाव इतकं खाली का लिहिलं असेल? ती म्हणाली, बसून लिहिलं असेल गं त्याने, दमला असेल. मी ते खरं मानलं. काल भांडी घासताना लक्षात आलं की आपली आई शिवणकाम करणारी बाई, नुसत्या नजरेने माप घ्यायची. तिला ठाऊक होतं, ताई. वर्षानुवर्षं ती त्या भिंतीसमोर उभी राहायची ती दोन मुलांसाठी. एक गेला होता आणि एक तिला जेववायला धडपडत होती.

भिंत साफ होऊ दे. ती होईल तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी असेन. पण त्याआधी, ईस्टरच्या आठवड्यात, आपल्या दोघींची नावं तुमच्या त्या यादीत घाल, आणि दिवस भरलाय ही सबब आता चालणार नाही. मला जाडीच्या त्या खोबणीत हात घालायचाय. पुरला नाही तर मारिसोलला म्हणावं, दोन गादीवाले आण आणि मावशीआजीला उचल. आपटले तर गादी आहेच.

मी आजपासून अंडी वरच्या टोकाला फोडते आहे. टरफलं धुऊन खिडकीत ठेवली आहेत. आज चार झाली. तूही साठव, माझ्या एकटीची सगळ्यांच्या डोक्यांना पुरणार नाहीत.

तुझीच,
देल्फी