मेव्हण्याची कॉफी

२ ऑक्टोबर, बुधवार
शेजारचा गाळा रिकामा झाला. सोमण्णा शिंपी मशीन टेंपोत घालून मुलाकडे म्हैसूरला गेला. जाताना म्हणाला, नंजप्पा, आता तूच घे हा गाळा. मी नुसता हसलो. पण मनात तेच होतं.
मधली भिंत पाडायची. इकडे भट्टी आणि चक्की, तिकडे काचेचं काउंटर. वडिलांनी सगळा जन्म एका गाळ्यात कॉफीच्या बिया भाजल्या. मी दोन गाळ्यांचा मालक होणार. (भाडेकरू. पण लोक मालकच म्हणतील.) नंजुंडेश्वर कॉफी वर्क्सचं नाव हासनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आता ते दुरूनही दिसेल.
गाळ्याचे मालक जवरेगौडा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. म्हणजे हो.
धंदा वाढवणाऱ्याने विचार लिहून ठेवावेत म्हणून आजपासून ही रोजनिशी.

४ ऑक्टोबर
लोलाक्षीचा धाकटा भाऊ लोकेश बंगळुरूहून परत आला. तिथे कोणाची तरी गाडी चालवत होता, ते काम सुटलं. लोलाक्षी म्हणाली, अहो, तुमच्या पायरीवर एक टेबल लावू दे त्याला. पेल्याने कॉफी विकेल. पावडर तुमच्याकडूनच घेईल, तुमचंच गिऱ्हाईक वाढेल.
परवानगी दिली. त्याला दूध उतू जाऊ न देता तापवता येत नाही, हे मी माझ्या लग्नात पाहिलं आहे. दसऱ्यापर्यंत टिकणार नाही. पण माणसाला पडायलाही जागा द्यावी लागते.

७ ऑक्टोबर
टेबलापाशी गर्दी आहे. नवलाई.
सीतारामय्या मास्तर दर सोमवारी माझ्याकडून पाव किलो पावडर नेतात. वडिलांच्या काळापासून. आज आले, पिशवी काखेत धरून लोकेशपाशी उभे राहिले, दोन पेले प्यायले आणि निघाले. मी हाक मारली, मास्तर, पावडर राहिली. म्हणाले, अरे, घरी एकट्यासाठी कोण फिल्टर मांडून बसणार? इथे गप्पाही होतात.
गप्पा माझ्याकडेही होतात. मी फक्त विषय निवडून बोलतो.
मला मत्सर नाही. देवीच्या कृपेने तो स्वभावच नाही. गल्ल्यावरून टेबल समोरच दिसतं, म्हणून नजर जाते.

११ ऑक्टोबर, आयुधपूजा
भट्टीला आणि चक्कीला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. दारात कोहळा फोडला. फार प्रसन्न वाटलं.
लोकेशने स्टोव्हला माळ घातली, पितळी फिल्टरला माळ घातली, दुधाच्या पातेल्याला माळ घातली. त्यालाही कोहळा फोडायचा होता. दृष्ट लागू नये म्हणून. टेबलाला कोणाची दृष्ट लागणार आहे? म्हणाला, दाजी, तुम्ही मोठे, तुम्हीच ओवाळून फोडा. ओवाळला. ओवाळताना सहज पाहिलं, त्याच्याकडे प्रसादाला माझ्यापेक्षा जास्त माणसं होती. कोहळा पहिल्या आपटीत फुटला नाही.

१४ ऑक्टोबर
संकल्प:
१. रोज गिऱ्हाइकाशी हसून बोलणे.
२. भट्टीचा एक्झॉस्ट पंखा मागच्या बोळातून काढून पुढे रस्त्याकडे लावणे. भाजणीचा वास लोकांना ओढून आणेल.
३. लोकेशकडे न पाहणे.

१५ ऑक्टोबर
पंखा लावला. अर्धा रस्ता दरवळला. माणसं खरोखर वळून आत आली. एकाने विचारलं, काय वास आहे हो! कॉफी कुठे मिळते? पावडर दाखवली. म्हणाला, नाही नाही, प्यायला. लोकेश पायरीवरून ओरडला, या मालक, इकडे या, वास तिकडे, चव इकडे!
सगळे हसले. क्रमांक एकचा संकल्प म्हणून मीही हसलो.
पंखा पुन्हा मागे लावायला मिस्त्रीला उद्या बोलावलं आहे. येतो म्हणाला आणि लोकेशकडे कॉफी पीत बसला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार
जेवणासाठी दुकान बंद. मी आत आहे. लोकेशचा डबा भरायचा आहे.
त्याला आपली नेहमीची पावडर जाते. शंभरात पंधरा चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळांची काळी भुकटी, बाकी कॉफी. वडील म्हणत, यापुढे चिकोरी गेली की ती कॉफी नव्हे, काढा. त्यांनी ते कधी मोडलं नाही. मीही नाही.
शांतपणे विचार केला. लोकेशच्या टेबलापुढची गर्दी ही खरी माझ्या पावडरीची गर्दी आहे. तो फक्त पाणी ओततो आणि दात दाखवतो. पावडर बदलली की गर्दी कोणाची हे आपोआप सिद्ध होईल. यात वाईट हेतू नाही. हा एक प्रयोग आहे.
साठ कॉफी, चाळीस चिकोरी केली.
चिकोरी स्वस्त असते, म्हणून भावही उतरवून लावला. फसवणूक माझ्या हातून व्हायची नाही. लोकेश म्हणाला, दाजी, भाव कमी कसा? म्हणालो, घरचा माणूस आहेस. तो पटकन वाकून पाया पडला. पाय मागे घेतला. त्याला वाटलं संकोच.

१९ ऑक्टोबर
लोकेशने आज नवा डबा उघडला. अर्क काळाकुट्ट उतरला. गल्ल्यावर पुढे सरकून बसलो.
पहिला पेला मास्तरांना. त्यांनी घोट घेतला, थांबले. पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील. म्हणाले, लोकी, आज काय केलंस रे? दाट झालीय. आमची आई अशी करायची. अजून एक दे.
मास्तरांचं वय झालं. जिभेचं काही खरं नसतं या वयात.

२० ऑक्टोबर
बाकीच्यांचं वय झालेलं नाही. तरी तेच.

२१ ऑक्टोबर
जेवताना लोलाक्षी म्हणाली, अहो, लोकी सांगत होता, दाजींनी पावडर सुधारून दिली. तेवढ्याच पावडरीत पेले जास्त निघतात आणि माणसं दुसरा मागतात. मला एका शब्दाने बोलला नाहीत! आणि तांदळाच्या अक्की रोटीवर लोणी वाढलं. न मागता. मग म्हणाली, मला उगाच वाटायचं, तुम्हाला त्याचं बघवत नाही.
मी मान खाली घालून जेवलो. स्वतःची स्तुती ऐकताना माणसाने असंच बसावं.
उद्या पावडर पूर्ववत करणार. प्रयोग पुरे.

२२ ऑक्टोबर
पूर्ववत केली नाही. आता बदलली तर म्हणतील, दाजींनी बिघडवली. लोण्याचाही विचार करावा लागतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
हासनांबा देवीच्या देवळाचं दार उघडलं. केळीचा बुंधा कापला आणि दार उघडलं. आत गेल्या वर्षीचा दिवा तेवत होता म्हणतात. वर्षातले हे थोडेच दिवस तिचं दर्शन. मग पुन्हा वर्षभर दार बंद. म्हणून सगळा मुलूख लोटतो. दर्शनाची रांग बांबूच्या कठड्यातून वळत वळत आमच्या गल्लीत येते, थेट माझ्या पायरीसमोरून जाते.
पहाटेच जाऊन आलो. देवीकडे मी कधी काही मागत नाही. आजही नाही. फक्त गाळा, आणि लोकेशला बंगळुरूत एखादी बरी नोकरी.

२५ ऑक्टोबर
रांगेतली माणसं तासन्‌तास उभी. हातात नारळ, फुलं, कडेवर पोरं. अशा वेळी पावडर कोण घेणार? पेलाच घेणार. हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं असं लोलाक्षी म्हणाली. माझ्या लक्षात होतंच.
लोकेश कठड्याला टेकून ओरडतो, आजी, देवीला वेळ आहे, कॉफीला नाही! रांगेच्या बंदोबस्तावरच्या शिपायाला म्हणाला, साहेब, काठी खाली ठेवा, पेला धरा. शिपायाने खरंच काठी माझ्या दाराला टेकवली. दिवसभर गिऱ्हाइकांना वाटत होतं माझ्याकडे काही गुन्हा झाला.

२७ ऑक्टोबर, रविवार
तुमकूरकडची एक बाई आत आली. म्हणाली, बाहेर तो पोरगा देतो ती पावडर द्या, एक किलो. तुमच्याकडची आहे म्हणाला. मी आमची पंधरावाली पुढे केली. तिने वास घेतला, चिमटीत धरून पाहिली. ही नव्हे, म्हणाली. ती काळी. म्हणालो, ताई, आमच्याकडे तसली मिळत नाही. शुद्ध मिळते. ती म्हणाली, शुद्ध घरी आहे हो, कोणी पीत नाही.
तिच्यानंतर पुष्कळ आले. सगळ्यांना परत पाठवलं. दुपारनंतर तर लोक दारातूनच विचारत होते, काळी आहे का? तत्त्व म्हणजे तत्त्व. वडिलांच्या फोटोकडे पाहून समाधान वाटलं.
(आत कोठीत लोकेशचा डबा पुन्हा भरला. त्याची मागणी तिप्पट झाली आहे. ती विक्री वेगळी.)

२९ ऑक्टोबर, मंगळवार
महत्त्वाचा दिवस. जवरेगौडा स्वतः आले. त्यांचा चेहरा लग्नातसुद्धा तेराव्याला आल्यासारखा असतो, आज जास्तच होता. आधी पायरीवर लोकेशची कॉफी प्यायले. उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. मग आत येऊन माझ्यासमोर बसले.
म्हणाले, नंजप्पा, बाहेरची ती पावडर कोणाची?
मी सावध झालो. माणूस चोखंदळ. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडची निव्वळ बियांची नेतो, चिकोरीचा कणही चालत नाही. परीक्षा घेतोय हे सरळ दिसत होतं. एक चूक आणि गाळा गेला. म्हणालो, मालक, वडिलांच्या नावाखाली असली पावडर कधी गेली नाही आणि जाणार नाही.
म्हणाले, म्हणजे तुझी नाही?
म्हणालो, छे.
मग कुठून आणतो?
त्याचं त्याला माहीत. आजकाल बाहेरून काय काय येतं.
पोरगा तर दाजींची म्हणतो.
म्हणालो, घरचा आहे, बोलत असेल.
गौडांनी मान डोलावली. मग म्हणाले, तू सरळ माणूस आहेस. तुझे वडीलही असेच होते. उठले, शेजारचा गाळा उघडला, आत शिरून भिंती ठोकून पाहिल्या.
झालं. गाळा माझा.
रात्रीच्या पूजेला मन लागेना. पण मी खोटं बोललो नाही. डब्यावर वडिलांचं नाव नव्हतंच. डबा बिस्किटांचा आहे. असली पावडर वडिलांच्या नावाखाली गेली नाही, हे अक्षरशः खरं आहे. ‘छे’ हे उत्तर धरता येत नाही.

३१ ऑक्टोबर
सुतार आणून मधली भिंत दाखवली. काचेच्या काउंटरचं माप घेतलं. लोकेशला पायरीवरून उठवावं लागेल, कारण नव्या दाराच्या आड येतो. वाईट वाटलं. त्याला जुन्या बाजूच्या बोळात जागा देईन. तिथे एक्झॉस्ट पंखा आहे, पण थंडीत बरा.

२ नोव्हेंबर, बलिपाडवा
गौडांनी निरोप धाडून बोलावलं. नवा सदरा घालून गेलो. लोकेश आधीच ओट्यावर बसला होता. वाटलं, साक्षीला बोलावला असेल.
गौडा म्हणाले, नंजप्पा, खरं सांगू? गाळा तुलाच द्यायचा होता. जन्मभर निव्वळ बियांची कॉफी प्यायलो, आणि या वयात ती काळी प्यायल्यावर पहिल्यांदा वाटलं, ही खरी. ती पावडर तुझी असती तर त्याच दिवशी किल्ली तुझ्या हातावर ठेवली असती. एवढी मागणी असलेल्याला जागा नको? म्हणून तर विचारायला आलो होतो. पण तू छे म्हणालास. आणि हा पोरगा बघ. कुठून आणतो, कशी मिसळतो सांगत नाही. विचारलं की दाजींची म्हणतो. हुन्नर स्वतःचा आणि नाव मोठ्या माणसाचं. असं आज कोण करतं?
आणि किल्ली लोकेशला दिली.
लोकेश गोंधळून म्हणाला, पण मालक, खरंच दाजींचीच आहे. गौडा पहिल्यांदा हसले. मला म्हणाले, बघ, अजून तेच म्हणतोय.
मी तोंड उघडलं. पण गौडा म्हणाले, तुझा शब्द मला पुरे आहे, नंजप्पा.
मिटलं.

३ नोव्हेंबर, रविवार
देवीला नीट समजावून सांगावं म्हणून गेलो. गर्दी नव्हती. माणसं कठड्याचे बांबू सोडत होती. दार थोड्या वेळापूर्वीच लागलं. शिपाई म्हणाला, आता पुढच्या वर्षी या, आजोबा.
मला पन्नास पुरी नाहीत.

४ नोव्हेंबर
घरी होळिगे केली होती. पुरण भरपूर. लोलाक्षीने वाढता वाढता डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, लोकीने सगळं सांगितलं. पावडर तुमची, आणि गौडांपुढे नाही म्हणालात. त्याला गाळा मिळावा म्हणूनच ना? आणि मी तुम्हाला काय काय समजत होते!
 दोन होळिगे खाल्ल्या. तिसरी तिने आग्रहाने वाढली.
मधे सुतार येऊन गेला. भिंत पाडायची का विचारत होता. म्हणालो, भिंतीला भिंत म्हणून राहू दे.

७ नोव्हेंबर
लोकेशचा गाळा उघडला. मोठा म्हणून दिवा मलाच लावायला लावला. बाहेर मास्तर, गौडा, शिपाईसुद्धा. लोकेश गर्दीतून पेला घेऊन माझ्यापाशी आला. म्हणाला, दाजी, बोर्ड रंगवायला टाकलाय. खाली लिहू का, पावडर नंजुंडेश्वर कॉफी वर्क्सची म्हणून? लोक रोज विचारतात.
गौडा शेजारीच उभे होते.
म्हणालो, नको रे. मला नावाची हाव कधीच नव्हती.
बरं, म्हणाला.
कॉफी प्यायलो. पेला रिकामा झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. त्याने पुन्हा विचारलं नाही.