दोन औषधी एका पोटात

५ जानेवारी, रविवार

आज अकरा वेळा संडासला. त्यात सात वेळा रक्त. लिहितानाही लाज वाटते, पण डॉक्टरांनी रोजचा आकडा लिहायला सांगितला आहे. मोठ्या आतड्याला सूज आहे. आजपासून सूज उतरवायच्या गोळ्या — रोज आठ, मग दर आठवड्याला एक कमी. "मनाने एकदम बंद करायच्या नाहीत," असे ते दोनदा म्हणाले.

७ जानेवारी

कंपनीत पॅकिंग सोडून पळालो. संडासाला आतून कडी! दारातच झाले. सुपरवायझर सगळ्यांसमोर — "काबे संघदीप, तुही हजेरी संडासातच लावू का?" सगळे हसले. मीही हसलो.

लोहाऱ्याच्या कंपनीतून घरी पायी आलो. ऑटोत कोणाशेजारी बसणार?

१२ जानेवारी, रविवार

देवराव मामांनी केळापूरच्या पुढे धावजींकडे नेले. ते झाडपाल्याचे औषध देतात. वाटेत दोनदा गाडी थांबवून तुरीत बसलो. मामा रस्ताभर बजावत होते, "डॉक्टरच्या गोळ्या आता बंद. दोन औषधी एका पोटात भांडतात. गुणच येत नाही मंग."

धावजी फार म्हातारे आहेत. पोट दाबून पाहिले, सालीची पूड दिली. ताकातून घे, मिरची सोड. मग हळूच म्हणाले, "लाज वाटते का रे?" हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. रडू येईल म्हणून बाहेर पाहत बसलो.

घरी येताच आईने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

१३ जानेवारी

मेडिकलमधून पुन्हा आणल्या. कंपनीच्या संडासात उभ्याउभ्या गिळल्या. घरी आईसमोर पूड घेतली. आईलाही फसवतो, त्या म्हाताऱ्यालाही.

२४ जानेवारी

तीन वेळा. रक्त नाही!!

तोंड सुजले आहे. गोळ्यांनी सुजेल, असे डॉक्टर म्हणालेच होते. आई गालावरून हात फिरवते. "पाहाय कसं बाळसं आलं माह्या लेकराले!" सगळ्या गल्लीला सांगून झाले — धावजीच्या पुडीने गुण आला.

२८ जानेवारी

गल्लीच्या टोकाचे पुंडलिकराव मुलीला घेऊन आले. समीक्षा, बारावीला आहे. तिला माझाच आजार, डॉक्टरही तेच. बाप समोर असल्याने ती मान खाली घालून बोलत होती.

"दादा, गोळ्या खरंच बंद केल्या तू?"

आई माझ्याकडे पाहत होती.

"हो," म्हणालो. "बंदच. त्याशिवाय गुण येत नाही."

माझ्या तोंडून मामांचेच शब्द निघाले.

२९ जानेवारी

चार वेळा.

३ फेब्रुवारी

समीक्षा कॉलेजला जाताना दिसली नाही. त्यांच्या घरावरून दोनदा गेलो. दार वाजवले नाही.

९ फेब्रुवारी

समीक्षाला दवाखान्यात नेले. पुंडलिकरावांनी तिला उचलूनच ऑटोत ठेवले, तेव्हा तिच्या सलवारीकडे सगळी गल्ली पाहत होती. मी तोंड फिरवले.

आई म्हणते, "पोरीनं पथ्य पाळलं नसन."

१० फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. तिला रक्त चढत होते. पुंडलिकरावांनी माझा हात धरून शेजारच्या खाटेवाल्यांना दाखवले. "हा पाहा, हा पोरगा पुडीनंच बरा झाला. हीबी होईन."

खिशातले गोळ्यांचे पाकीट काढून खाटेवर ठेवले. "काका, मी गोळ्या घेतच होतो. एकही दिवस चुकवला नाही."

त्यांनी हात सोडला. मारले असते तर बरे झाले असते. समीक्षाने फक्त एवढे विचारले — "मंग मले काहून नाही सांगितलं?"



११ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, धोका टळला. वर्ष मात्र गेले. परीक्षेला बसता येणार नाही.

आईला सगळे सांगितले. ती ताट वाढून आत निघून जाते.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकटाच केळापूरच्या पुढे गेलो. धावजींचे पाय धरले. म्हणालो, तुम्हाला फसवले. गोळ्या बंद न करता तुमची पूड घेतली.



"गोळ्या बंद कर, असं मी कवा म्हटलं, बापू? माह्या बुढीले रोज बीपीची गोळी मीच देतो. तू मले इचारलं काहून नाही?"