त्याचा पासवर्ड अजून चालतो

प्रिय पोरी,

हे पत्र पिल्लं पोचवायच्या आजच्या गाडीवर ड्रायव्हरकाकांकडे दिलंय. हातात पडलं की उभ्याउभ्या वाच, चहा नंतर. तुझा नवा नंबर मी मुद्दामच घेतला नव्हता. माझ्याकडे असता तर माझ्या ह्या लेकाने काढून घेतला असता. अक्षराला हसायचं तर हस, चार यत्तांत एवढंच येतं. पण शेवटपर्यंत वाच, तुझ्या जिवाशी गाठ आहे.

परवा हॅचरीतला कॉम्प्युटर बसला. जळका वास आला आणि पडदा काळा. तू बनवलेला प्रोग्राम त्यातच, आणि अंडी उबवायच्या सगळ्या मशिनींची ऊब त्याच्यावर. अंडी शेवटच्या ट्रेमध्ये उतरवलेली, पिल्लं आतून टोचायला लागलेली. अशात ऊब गेली तर पिल्लू कवचातच मरतं, हे तुला काय सांगायचं. हा धावतपळत नवा कॉम्प्युटर घेऊन आला आणि मांडी ठोकून बसला. मी शेजारी स्टूल ओढलं. काय अडलंय विचारलं तर म्हणे, आई, डोकं खाऊ नकोस. म्हटलं, तुझं डोकं खाऊन माझं पोट भरायचं नाही, बोल.

तर म्हणे, प्रोग्राम उभा करायला तयार तुकडे बाहेरून आणावे लागतात. त्यांना पॅकेज म्हणतात, आणि ती कुठून आणायची ते सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. तिथे दोन ठिकाणं होती. एक सगळ्या जगाला मोकळं, दुसरं तुझं, पासवर्डाचं. तुझ्या ठिकाणापुढे लाल अक्षरं येत होती. लाल दिसलं की ह्याचं काय होतं ते तू पाहिलंयस. ह्याने त्याच्यापुढची खूणच काढून टाकली. आणि बघता बघता सगळं हिरवं! पडद्यावर ऊब साडेसदतीस अंश. मला म्हणाला, बघितलंस, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मग मशिनच्या काचेतल्या पाऱ्याकडे नजर गेली, त्याचीही आणि माझीही. पारा घसरत चाललेला आणि पडद्यावर आपलं साडेसदतीसच. ऊब उतरली की वाजणारा भोंगा मुका. मी हाताने हिटर चढवला आणि पाऱ्यापाशी ठाण मांडलं. तो घामाने निथळत होता. खूप खटपट केल्यावर त्याला कळलं, की तू शिकत असताना त्याच नावाचं एक पॅकेज त्या मोकळ्या ठिकाणी टाकलं होतंस, सरावाचं, एकच आकडा दाखवणारं. तुझं ठिकाण बंद केल्यावर तेच घरात शिरलं. मग ह्याने ते साठवणीतून पुसलं, तुझ्या ठिकाणापुढची खूण परत लावली, आणि ह्या नावाचं पॅकेज फक्त तिथूनच घ्यायचं असं लिहिलं. आता तिथे पासवर्ड विचारला. लग्नानंतर तू त्याला करून दिला होतास तोच त्याने टाकला. मी म्हटलं, काहीतरीच काय, तिने कधीच बंद केला असेल.

चालला. भोंगा असा बोंबलला की मी रडलेच. पिल्लं वाचली.

पण पडद्यावर तारीख होती. ते पॅकेज तू गेल्याच आठवड्यात दुरुस्त केलेलं. ती बघून हा हसला. ते हसू मला ठाऊक आहे. तुझं मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा त्याच हातासाठी घड्याळ घेऊन आला होता ना, तेव्हाचं ते हसू.

आता म्हणतो, तिने माझा पासवर्ड बंद केला नाही, म्हणजे ती वाट बघतेय. मी म्हटलं, अरे, ती अंड्यांसाठी करते, फार तर माझ्यासाठी. ऐकतोय कोण! शर्टाला इस्त्री झाली, दाढी झाली, उद्या पहिल्या गाडीने तुझ्या मावशीच्या घरी येऊन धडकणार आहे. मशिनी बंद पडतील म्हणून तू तो पासवर्ड चालू ठेवलास, मला कळत नाही का? म्हणून काल तो बाहेर गेल्यावर मी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईला बोलावलं. तिने तुझं पॅकेज इथल्याच एका फोल्डरमध्ये उतरवून सेटिंगमध्ये तेच ठिकाण लिहून दिलं. इंटरनेटची वायर उपटून चालवून बघितलं, भोंगा वाजतो. आता आम्हाला तुझी गरज नाही. लिहिताना हात जड झाला, पण खरं तेच लिहिलं. त्याचा पासवर्ड आत्ता, ह्या घटकेला बंद कर. मावशीला घेऊन दोन दिवस मैत्रिणीकडे जा. नाही जमलं तर कडी लावून आत बस. तो दाराशी येऊन माझं नाव घेईल. म्हणेल, आई अंथरुणाला खिळलीय, तुझी सारखी आठवण काढते. मी ठणठणीत आहे. आठवण काढते, ते खरं. तरी दार उघडू नकोस.

तुझीच,
आई