भेदरांच्या वाफ्यावर गट्टू

प्रिय उन्नती,

सप्रेम जयभीम. पत्र असं सुरू करायची रीत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर आज माझ्या डोक्यात नुसता राग आहे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझा आवाज जरा चढला की तिकडे पुण्यात तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून आमच्या जावयाच्या, गौरांगच्या हातात देऊ नकोस.

मंगळवारी सकाळी मी मागे भेदरं, तुझ्या भाषेत टोमॅटो, तोडत होते, तर समोर टेम्पोचा आवाज आला. येऊन बघते तर जितेंद्र नावाचा एक माणूस फाटकाशी गट्टू उतरवतो आहे. लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू, फुटपाथवर बसवतात तसले. मी विचारलं, कोणाचे? तर म्हणतो, “काकू, मागचं सारं साफ करून गट्टू बसवाचे हायेत. पुण्याच्या ताईनं सांगतलं.” मी म्हटलं, “पुण्याची ताई माही पोरगी हाये. घर माहं हाये. उतरवू नको.” तो म्हणे, “मग तिले फोन करा ना काकू, मी काहून मायलेकीच्या मधात मरून राहिलो?” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला चहा दिला. चहा पिता पिता त्यानं वाफ्याकडे बघितलं आणि विचारलं, “एवढी भेदरं एकट्याच खाता का काकू?” मी रिकामा कप उचलून आत गेले. पण दिवसभर ते कानात राहिलं, आणि त्याचाही राग तुझ्यावरच निघाला.

मग तुझा मेसेज वाचला. आईचे गुडघे दुखतात, ओल्या मातीत पाय घसरेल, मागे साप निघतो, डास होतात. काय काळजी! साप इतक्या वर्षांत एकदाच निघाला, धामण होती, आणि मी तिला घाबरले त्याहून जास्त ती मला घाबरली. गुडघे दुखतात ते वयानं. वाफ्यात बसले की उठताना बांबू धरता येतो. तू पाठवलेल्या त्या सोफ्यावरून उठताना धरायला काहीच नसतं. घसरून पडायचंच असेल तर मातीवर पडलेलं बरं की तुझ्या गट्टूवर? आणि हे सगळं सोड. तू मला विचारलं नाहीस. घरबसल्या लाइटबिल भरावं तसं तू माझं मागचं अंगण बुजवून टाकणार होतीस. माझा नवरा गेला, माझं डोकं गेलेलं नाही.

ते बी कुठलं आहे हे तुला माहीत आहे. माझ्या आईचं, मौद्याकडचं. लग्न होऊन नागपूरला नंदनवनात आले तेव्हा पदराच्या टोकाला बांधून आणलं होतं. लहान, चपटी, चुण्या पडलेली, आंबट. साल इतकी पातळ की बाजारापर्यंत टिकत नाहीत, म्हणून ती बाजारात मिळतही नाहीत. तुझे बाबा लाइनमन, दिवसभर खांबावर चढायचे. संध्याकाळी वाफ्यात बसायचे, म्हणायचे, “दिवसभर वर राहून राहून जीव उडून जाते वं सिंधू, थोडं खाली बसलं पायजे.” तू शाळेत टोमॅटो म्हणायला शिकलीस आणि आम्ही मैत्रिणींसमोर भेदरं म्हटलं की लाजून पडद्यामागे जायचीस. खायला मात्र लाजली नाहीस कधी.

फेब्रुवारीत सगळी एकदम पिकायची आणि घरात कोणालाच सुटी नसायची. अर्धी चिरून, मीठ लावून गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळवायची. उरलेल्यांचा रस आटवून बाटल्यांत भरायचा. मोठ्या गंजात तळाला फडकं घालून त्या बाटल्या उकळायच्या, म्हणजे तळावर आपटून फुटत नाहीत. बाटल्या धुवायचं काम तुझं, कारण तुझाच हात आत जायचा. मीठ चाखायचं काम बाबांचं. मी कितीही अंदाजानं टाकलं तरी त्यांनी पळीतून तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय झाकण लागायचं नाही. ते मान हलवायचे, मग मी भरायची. मे महिन्यात भाजीवाल्याच्या गाडीवर फक्त भोपळा आणि कांदे उरले की आपल्याकडे भातावर लाल रस असायचा, आणि सुक्या भेदरांची जवस घालून चटणी. तू पुण्याला गेलीस तेव्हा दर वर्षी तुझ्या बाटल्या गाडीत चढल्या. बाबा त्या तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून स्वतः स्टेशनवर आणायचे.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी किती शिकलेली आहे तुला माहीत आहे, पण वाचायची सवय मला विहारातल्या वाचनालयानं लावली, आणि तिथूनच मी किडनीवरचं पुस्तक आणलं. पोटॅशियम हा शब्द मी बोट ठेवून ठेवून वाचला. त्यानंतर त्या शब्दानं माझा संसार चालवला. भाजी चिरायची, भिजत घालायची, उकळायची, पाणी फेकायचं, आणि जो चोथा राहील तो नवऱ्याच्या ताटात वाढायचा. डाळ मोजून. पाणी मोजून. मीठ नावाला. आणि भेदरं? अजिबात नाही.

वाफा तेव्हाच उपटणार होते. तेच नाही म्हणाले. खुर्ची टाकून कडेला बसायचे आणि वास घ्यायचे. वासाला डॉक्टरनं बंदी नाही ना केली, म्हणायचे. शेजारणी मला तोंडावर बोलल्या, की माणसाला खायची बंदी आणि ही बाई त्याच्या डोळ्यांसमोर तेच पिकवते. मी ऐकून घेतलं. ते मागायचे, उन्नती. तू दूर होतीस, तुला माहीत नाही. लहान पोरासारखे मागायचे. “एक बोट चाटू दे वं.” मी नाही म्हणायची. कधी विनवून, कधी ओरडून. एकदा त्यांच्या हातातून मी सुक्या भेदराचा तुकडा हिसकावून घेतला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांची कोणीच नाही. दोन वर्षं मी त्या माणसाला जगवण्यासाठी नाही म्हणत राहिले. त्यांना आवडेल असं काहीही मी त्यांच्या ताटात वाढू शकले नाही.

ते गेले. पुण्यानुमोदनाला तू आलीस. पुढच्या खोलीत बसलीस, माणसांना भेटलीस, सगळं नीट केलंस. स्वयंपाकघरात आली नाहीस. मागचं दार उघडं होतं, तू तिकडे एकदाही पाहिलं नाहीस. ताटातली चटणी तू बाजूला सारलीस. निघताना मी बाटल्या काढल्या तर म्हणालीस, “नको आई, सामान जड होईल.” ज्या पोरीनं बाटल्यांसाठी कपडे बॅगेतून बाहेर काढले होते, तिला सामान जड झालं. त्यानंतर वर्ष होत आलं, तू आली नाहीस. फोनवर मी भेदरांचं नाव काढलं की तू विषय बदलतेस. आणि आता गट्टू.

मला माहीत आहे, पोरी. पहिल्यापासून माहीत आहे.

मागच्या वर्षी रस आटवला त्याच आठवड्यात तू दोन दिवसांसाठी आली होतीस. मी कामठीला गेले होते, माझ्या बहिणीच्या सुनेला बघायला, आणि घर तुझ्यावर सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी तू परत पुण्याला निघालीस. मी बाबांना घेऊन डायलिसिसला चालले होते, ऑटोत बसलो, आणि हे एकदम म्हणाले, “काहून वं सिंधू, यंदा मीठ कमी टाकलं का तू?” म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं. मग बाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं बघते तर ते बाहेर बघून हसत होते. एकटेच, मिशीतल्या मिशीत. त्या दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

घरी येऊन मी बाटल्या बघितल्या. रस टिकावा म्हणून वर तेल ओततो ना, एकीतला तो थर मोडला होता. तू वाटी धुऊन पालथी घालून ठेवली होतीस, तुझ्या पद्धतीनं, आणि आपल्या घरात वाटी पालथी कोणी घालत नाही. गरम भातावर रस दिला असशील. त्यांनी मागितला असेल, तुझ्याकडे तसंच बघून, आणि तुला नाही म्हणता आलं नसेल.

मला किती राग आला म्हणून सांगू! मशीनजवळ बसून मी चार तास त्या आवाजाकडे कान लावून होते. जरा वेगळा वाजला की माझा जीव जायचा. मला वाटलं, ही दोन दिवस येते, लाड करते आणि जाते. मी दोन वर्षं जेलर झाले आणि ही पाहुणी येऊन कुलूप उघडून गेली. आणि खरं लिहू का? सगळ्यात जास्त राग मला त्या हसण्याचा आला. ते हसू मी कमवायचं होतं. भाज्या मी उकळल्या, पाणी मी फेकलं, आणि हसू तुझ्या वाट्याला गेलं. वर्षभर हेच मनात होतं. तू फोनवर ‘कशी आहेस आई’ म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं, ही विसरली. करून मोकळी झाली आणि तिकडे सुखात आहे. मी वाट बघत होते की तू आपणहून सांगशील, आणि तू सांगत नव्हतीस, तसा माझा राग वाढत होता.

मंगळवारी जितेंद्र उतरवलेले गट्टू फाटकाशीच टाकून गेल्यावर मी त्या ढिगाजवळ उभी राहिले तेव्हा मला कळलं, की जे विसरलं त्यावर कोणी सिमेंट टाकत नाही. तू काहीच विसरली नाहीस. तुला वाटतं तुझ्यामुळे बाबा गेले. वर्षभर तू हे एकटी घेऊन फिरते आहेस, आणि मला वाटत होतं तू मजेत आहेस. आता ऐक, हे सांगायलाच पत्र लिहिते आहे. त्या दिवशी मशीनला लावायच्या आधी मी तिथल्या पोराला सांगितलं होतं, “यायनं काल खाल्लं हाये, पोटॅशियम पाहून घे.” त्यानं रक्त काढलं. रिपोर्ट नेहमीसारखाच आला, केसभर जास्त. मशीननं ते धुऊनही काढलं. त्यानंतर बाबा दीड महिना जगले. दुपारी झोपले आणि हृदय थांबलं, ते हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. डॉक्टरांना मी नंतर जाऊन विचारलं, तुझं नाव न घेता. ते म्हणाले, बाई, त्या एका वाटीचा याच्याशी संबंध नाही. तरी तुला पटणार नाही हे मला माहीत आहे, मलाही लगेच पटलं नव्हतं. तर मग एवढं धर. त्यांनी दोघींकडे मागितलं. एकीनं नाही म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं. एकीनं हो म्हणायला हवं होतं. ते मला कधी जमलं नसतं, आणि कोणी ते केलंच नसतं तर आज मी या घरात राहू शकले नसते. गट्टू शुक्रवारी परत जात आहेत, जितेंद्रशी बोलले आहे, पैशाचं तुझं तू निस्तर. झाडं फळांनी वाकली आहेत आणि यंदा गंज मला एकटीला चुलीवरून उतरत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, तुझाही माझ्यावर असेल. भांडायला ये. पण मी पुढच्या खोलीत येणार नाही. मागे चिखलात उभी राहून भांड.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
आई